एप्रिलमधलं रक्त

बोल्टेझार आजोबा दरवर्षी एप्रिलात येतात,
बाही आधीच गुंडाळलेली,
खिशात मधाची बाटली, वर्तमानपत्रात बांधलेली.
"घे पोरी," म्हणतात, आणि मला कळत नाही
बाटली घ्यायची की हात.

डाव्या मनगटावर बशीएवढी सूज.
"कालचीच. वर्षातली पहिली.
साठ वर्षं मधमाश्या पाळतोय, पण हे येडं शरीर
दर वसंतात नव्यानं बोंब ठोकतं."
बाहेर आल्प्सवर अजून बर्फ आहे,
आणि खाली सावा नदीकाठच्या विलोंवर
त्यांच्या राखाडी माश्या कामाला लागल्यात.

तळघरात मी त्यांच्या पेशी
उबदार काचेत ठेवते, विषाचा कण देते,
आणि थांबते.
गेल्या वर्षीच्या वहीत माझंच अक्षर:
एप्रिल, गोंधळ.
सातवा दिवस, इंटरल्युकिन दहा, रेघ वर.
जून, एका दुपारी चौदा डंख, साधी खाजही नाही.
डिसेंबर, विसरले.

तसं पाहिलं तर लहानसंच प्रथिन.
दोन सारखे धागे, एकमेकांत गुंतलेले,
एका पेशीनं सोडायचे, दुसरीनं दारात झेलायचे.
निरोप एवढाच: असू दे.
कुणाची शस्त्रं ते काढून घेत नाही,
उगारलेला हात धरतं फक्त.
पहारा चालूच राहतो, विष विषच राहतं,
आणि बंद पेटीच्या हिवाळ्यात, डंखच नाहीत तेव्हा,
हे शहाणपणही हळूहळू गंजतं.
मला वाटायचं, सोसणं एकदाच शिकतात,
सायकलसारखं.

त्यांची नात आय्दा, नऊ वर्षांची.
वाळत घातलेल्या चादरीच्या घडीत एक माशी होती.
ओठ निळे पडले. आजोबांनी तिला
मालाच्या गाडीत घातलं, पुढच्या सीटवर रिकाम्या चौकटी,
आणि वळणावर एकदाही ब्रेक दाबला नाही.

"माझंच रक्त चढवा की तिला,
त्यात ते आहे म्हणता तर."
मी सांगते, ते काही तासांत विरून जातं, आजोबा.
ज्याचं त्यालाच तयार करावं लागतं.
ते टोपी फिरवत बसतात बोटांवर.
मग तिचा मंगळवार येतो, मग पुढचा मंगळवार.
थेंबाचा लाखावा भाग, मग हजारावा,
ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाय हलवते,
अर्धा तास, कुठं जायचं नाही.

माझ्या गळ्याखाली एक ग्रंथी आहे.
फुलपाखराच्या आकाराची, असं पुस्तकात.
सतरा वर्षं माझ्याच पेशी ती कुरतडतायत.
तिथं डंख नाही, परकं कुणी नाही,
सकाळी रिकाम्या पोटी एक पांढरी गोळी.
"असू दे" कुणी म्हटलंच नाही,
की म्हटलं, आणि दार आतून लावलेलं होतं?
ठाऊक नाही. माझी नळी मी कधी
त्या रांगेत ठेवलेली नाही.

यंदा जून संपताना आय्दाची परीक्षा.
माशी आजोबांनीच आणली, काड्यापेटीत,
"म्हातारी आहे, मऊ स्वभावाची," म्हणाले,
जणू स्थळ सांगतायत.
डॉक्टरांनी चिमट्यात धरली. खोलीत सगळे गप्प.
माझ्या हातात ॲड्रेनलिनची सुई,
आजोबांच्या हातात टोपी.

एक मिनिट. पाच. वीस.
दंडावर नाण्याएवढा लाल गोल,
तिथंच थांबलेला.
आजोबा भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होते.

"मेली ना ती?" आय्दानं विचारलं.
कुणीच पटकन बोललं नाही.
"मग पेटी द्या माझी," ती म्हणाली.
"आमच्या लिंडनखाली पुरायचीय."